टाकळीचे तीन शंकू

सिमला, मसुरी किंवा नैनिताल पाहून आलेल्या मराठी कुटुंबाच्या शोकेसमध्ये एक वस्तू हमखास सापडते. तपकिरी, लाकडी पाकळ्यांचे, हाताला खरखरीत लागणारे एक ‘फूल’. मुलांनी ते रस्त्याकडेला उचललेले असते, आईने स्वेटरमध्ये गुंडाळून जपून आणलेले असते आणि पुढे कधीतरी त्याला सोनेरी रंग फासून ते देखाव्याला ठेवले जाते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी ते फूल नाही, तो पाइनच्या झाडाचा शंकू आहे. झाडांना फुले येऊ लागली त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून जी झाडे बिया धरत होती, त्यांची ती जुनी रीत.

आपण वैदर्भीय माणसे हा शंकू हिमालयातून आणतो, कारण इथे तो मिळत नाही. वर्धा जिल्ह्याच्या रानात कितीही हिंडा. साग भेटेल, मोह भेटेल, तेंदू, ऐन, पळस भेटेल, सूचिपर्णी वृक्ष भेटणार नाही. साऱ्या भारतीय द्वीपकल्पात आपणहून वाढणारा सूचिपर्णी एकच, नागेया वालिचियाना नावाचा, आणि तो पश्चिम घाटाच्या पार दक्षिणेकडच्या जंगलात राहतो. त्याची पाने सुईसारखीही नाहीत, चांगली रुंद आहेत. कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन पाहून पुष्कळांची फसगत होते. पण सुरू हे फुलणारे झाड आहे आणि त्याच्या ‘सुया’ म्हणजे खरे तर बारीक, सांधेदार डहाळ्या. आपल्या अंगणातली मोरपंखी मात्र अस्सल सूचिपर्णी घराण्यातली आहे. ती चीनकडून आली. डिसेंबरात नर्सरीत कुंडीतून विकायला येणारे ‘ख्रिसमस ट्री’ही त्याच घराण्यातले, आरोकेरिया जातीचे, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटाचे. तात्पर्य, आपल्याकडचे सगळे सूचिपर्णी पाहुणे.

आणि तरीही १९३१ साली डॉ. बिरबल साहनी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेत एक प्रबंध छापला आणि त्यात नागपूरजवळच्या टाकळी येथे सापडलेल्या, दगड झालेल्या तीन शंकूंचे वर्णन केले. त्यांची नावे त्यांनी ठेवली इंडोस्ट्रोबस बायफिडोलेपिस, टाकलिओस्ट्रोबस अलाटस आणि पिटिओस्ट्रोबस क्रासिटेस्टा. ‘स्ट्रोबस’ म्हणजे शंकू. आपली टाकळी अशी लॅटिन पोशाख घालून जगाच्या वनस्पतिशास्त्रात जाऊन बसली. नागपूर-वर्ध्याकडच्या शाळांत हे कुणी शिकवत असल्याचे मी तरी ऐकलेले नाही. ज्या जमिनीवर आपण सातबाऱ्याच्या एकेका गुंठ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडतो, त्याच जमिनीचे हे सर्वांत जुने दस्तऐवज. ते सांभाळण्याचे काम मात्र आपण लखनौ-लंडनवर सोपवून मोकळे झालो आहोत, ही माझी तक्रार आहे.

मी नालवाडीला राहतो. नालवाडी म्हटले की जाणत्या वाचकांना विनोबा आठवतात. १९३२ साली ते इथे येऊन राहिले. मग ग्रामसेवा मंडळ आले, चर्मालय आले. आज नालवाडी वर्धा शहराला चिकटून गेली आहे आणि कुठे गाव संपते, कुठे शहर सुरू होते ते सांगता येत नाही. पायाखालचे मात्र तेच आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो लाव्हा वाहिला, त्याचा हा पाषाण. अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र त्याखाली गाडला गेला आहे.

बँकेच्या नोकरीत विहिरींच्या कर्जांची पाहणी करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. विहीर किती फूट गेली, बांधकाम कुठवर आले, हे दोर सोडून पाहायचे आणि मग पुढचा हप्ता द्यायचा. अशा वेळी काठावर उभा असलेला शेतकरी कधी कधी सांगत असे, “साहेब, काया दगड फोडला तं खाली हे चुन्यावानी पांढरं लागलं. अन्‌ त्याच्याखाली पुन्हा कायाच!” अहवालाच्या छापील फॉर्मात पाणी किती फुटांवर लागले याला रकाना होता, खडक कठीण की मऊ यालाही रकाना होता. या ‘पांढऱ्या’ला रकाना नव्हता.

काळ्याच्या मधले ते पांढरे म्हणजेच या लेखाचा विषय. लाव्हा काही एका दमात वाहिला नाही. एक लोट येऊन थंड झाला की मध्ये मोठी विश्रांती असे, हजारो वर्षांची. त्या काळात खडकाची माती होई, खोलगट जागी तळी साचत, काठाला झाडे उगवत, पाण्यात गोगलगायी आणि मासे येत. मग पुन्हा लाव्हा येऊन हा सगळा संसार झाकून टाकी. दोन लोटांमध्ये असा दाबला गेलेला तळ्याचा गाळ म्हणजे आंतरलाव्हा थर. लाव्हाच्या प्रदेशातल्या पाण्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य, विरघळलेले असते. तळ्यात पडलेल्या ओंडक्यात, फळात, शंकूत ते पाणी मुरे आणि लाकूड कुजण्याआधीच त्याच्या पेशीपेशीत गारगोटी भरून राही. एरवी जीवाश्म म्हणजे नुसता ठसा. इथे मात्र पेशीची भिंतसुद्धा जागच्या जागी सापडते. विदर्भाच्या आणि लगतच्या छिंदवाड्याच्या शेतांतून असे दगड नांगराला लागतात आणि बांधावर फेकले जातात.

ते प्रथम नीट वेचले दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरला होते. धर्मप्रसार करायला आलेली ही माणसे फावल्या वेळात खडक फोडत हिंडत. नागपूरच्या वायव्येला टाकळीच्या माळावर त्यांना दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची कवचे, फळे, बिया, पाने, लाकूड असे घबाड मिळाले आणि १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लेख लिहिला. हिस्लॉपचे नाव आजही नागपुरात कॉलेजच्या रूपाने आहे. त्याचा शेवट कसा झाला ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला गेला होता. रात्री घोड्यावरून बोरीकडे परतताना वाटेतल्या नाल्याला पूर आला होता, त्यात तो बुडाला. वय अवघे पंचेचाळीस. वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरीचे कारखाने दिसू लागले की टाकळघाट तिथून जवळच आहे. मी नोकरीच्या काळात त्या रेल्वेने शेकडो वेळा गेलो असेन. स्टेशनात भजी चांगली मिळत, एवढीच बुटीबोरीची आठवण बहुतेकांना असते.

हिस्लॉपने केवळ टाकळीचेच जमवले नाही. कामठी, सिलेवाडा या भागातल्या वाळूच्या खडकातूनही त्याने पानांचे ठसे गोळा करून विलायतेला पाठवले आणि चार्ल्स बनबरी याने १८६१ साली त्यांचे वर्णन केले. त्यातल्या एका लांब, पट्ट्यासारख्या, समांतर शिरांच्या पानाला त्याने हिस्लॉपचेच नाव दिले. आज ते नोएगेराथिऑप्सिस हिस्लॉपी म्हणून ओळखले जाते. हे पान टाकळीच्या शंकूंहून कितीतरी जुने, पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडचे. तेव्हा आपला भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन नावाच्या महाखंडात अडकलेला होता. त्याच्याही आधी इथे बर्फ होते. चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीने दगड घासत नेल्याच्या रेघा खडकावर उमटलेल्या आहेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे वाक्य वाचणाऱ्याला हसू येईल, पण रेघा खऱ्या आहेत. बर्फ ओसरल्यावर दलदलीत जी जंगले माजली, त्यात ही पट्ट्यासारख्या पानांची झाडे होती, आणि त्यांच्या व ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांच्या कुजलेल्या राशींचा कोळसा वणी-चंद्रपूर-उमरेडला निघतो. म्हणजे संध्याकाळी आपण दिवा लावतो तेव्हा हिस्लॉपच्या नावाचे एखादे पान जळत असते.

आता शोकेसमधला तो शंकू हातात घ्या. (सोनेरी रंग लावलेला असला तरी चालेल.) एक खवला जरा वाकवून पाहा. खवल्याच्या वरच्या बाजूला, देठाशी, दोन पंखधारी बियांच्या जागा दिसतील. खालच्या बाजूला नीट पाहिले तर आणखी एक चिमुकला, सुकलेला खवला असतो. हा धाकटा खवला म्हणजे पान. आणि पानाच्या बगलेत काय उगवते? शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक आहे; तिथे फांदी फुटते. मग बिया धरणारा मोठा खवला म्हणजे काय? एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या एका प्रश्नावर भाऊबंदकीला लाजवील असा वाद घातला. त्याचा निकाल जिवंत झाडे पाहून लागला नाही, तो दगडांनी लावला. स्वीडनच्या रुडॉल्फ फ्लोरिन याने १९३८ ते १९४५ या काळात सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या सूचिपर्णींचा अभ्यास छापला. त्या झाडांच्या शंकूत मोठ्या खवल्याच्या जागी एक इवलीशी पानेदार फांदीच होती आणि तिच्यावर बी होते. पुढे कोट्यवधी वर्षांत ती फांदी आखडत, चपटी होत, तिची पाने गळत गळत आजचा लाकडी खवला झाला. म्हणजे तुमच्या हातातला शंकू ही एक संपूर्ण फांद्यांची डहाळी आहे, मुठीत मावेल अशी घडी घातलेली. फ्लोरिनने त्या वाटेवर जी जुनी घराणी ठेवून पाहिली, त्यात पट्ट्यासारख्या पानांच्या झाडांचे घराणे होते. आपल्या कामठीचे हिस्लॉपी याच गोतावळ्यातले. ते सूचिपर्णींचे सख्खे पूर्वज की चुलते, यावर पंडितांत मतभेद आहेत. नाते जवळचे आहे एवढे नक्की.

सगळ्यांनीच ही घडी एका रीतीने घातली असेही नाही. बिहारातल्या, आता झारखंडात असलेल्या गिरिडीहच्या कोळसा-पट्ट्यात बुरियाडिया नावाचा गोंडवनी सूचिपर्णी सापडतो. अलाहाबादच्या दिव्यदर्शन पंत आणि नौटियाल यांनी १९६७ साली दाखवून दिले की त्याला शंकूच नव्हता. बिया फांदीवर पानांच्या जागी एकेकट्या लागत. तेव्हा टाकळीच्या इंडोस्ट्रोबसच्या नावात ‘दुभंगलेल्या खवल्यांचा’ असा अर्थ येतो, ते विशेषण शोभेसाठी नाही. खवला किती दुभंगला, किती जुळला, यावर तो झाड घराण्याच्या वंशावळीत कुठे बसवायचा ते ठरते.

दगडातले झाड वाचायचे तरी कसे? हे काम बँकेतल्या हिशेबासारखे चिकाटीचे आहे. दगडाची पातळ चकती कापायची, काचेला चिकटवायची आणि घासत घासत इतकी पातळ करायची की तिच्यातून उजेड आरपार जावा. एक चकती आडवी, दोन उभ्या, वेगवेगळ्या दिशांनी. घरी सागाच्या फळीचा कापलेला टोकाकडचा भाग भिंगातून पाहिलात तर बारीक भोके ओळीने दिसतील. त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. फुलणाऱ्या बहुतेक झाडांना त्या असतात. हल्ली पॅकिंगच्या खोक्यांना येते ते पाइनचे लाकूड पाहा. भोके नाहीत, सगळीकडे एकसारखे बारीक विणकाम. दगडातही हेच दिसते. मग त्या पेशींच्या भिंतीवरचे खळगे पाहायचे. आरोकेरिया घराण्यात ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांना खेटून षट्‌कोनी झालेले असतात, पाइनमध्ये सुटे-सुटे. आणि वर्षा-वर्षाची वलये असली तर तेव्हाचे ऋतूही कळतात. कोळशाच्या काळातल्या आपल्या लाकडांत वलये ठसठशीत आहेत, कारण ध्रुवाकडच्या त्या जंगलाला लांब, काळोख्या हिवाळ्यात वाढ थांबवावी लागे.

या कामात विदर्भाने एक मोठे नाव दिले, ते म्हणजे डॉ. श्यामला चितळे. १९१८ सालचा जन्म. इंग्लंडमध्ये रेडिंग येथे टॉम हॅरिस या विख्यात पुरावनस्पतिशास्त्रज्ञाकडे डॉक्टरेट. नागपुरात अध्यापन आणि छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या दगडांवर वर्षानुवर्षे संशोधन. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १९८० पासून क्लीव्हलंडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्र विभागाच्या पहिल्या क्यूरेटर झाल्या. साठी ओलांडल्यावर! २०१३ साली त्या गेल्या तेव्हा आपल्याकडे त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असे मला वाटते. मोहगाव कलानकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते के. पी. रोडे यांनी १९३० च्या दशकात. तिथे त्यांना आणि साहनींना निपा या खाजणात वाढणाऱ्या ताडाचे फळ सापडले. खाजण म्हणजे समुद्राची खाडी! छिंदवाड्याजवळ खारे पाणी होते, हे एका फळाने सांगितले.

टाकळीच्या तळ्याकाठी शंकूधारी झाडे होती तेव्हा डायनोसॉर होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी (बिरबल साहनींचे पुतणे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली घातली. तिच्यात सूचिपर्णींचे अवशेष निघाले, ताडांचे निघाले आणि सगळ्या जगाला चकित करणारी गोष्ट म्हणजे गवताचे निघाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते असे तोवर पाठ्यपुस्तके सांगत आली होती. पिसदुऱ्याच्या शेणाने ती दुरुस्त केली. एकाच जनावराच्या पोटात जुने जंगल आणि नवे जंगल शेजारी-शेजारी बसलेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

त्या शर्यतीत नवे जंगल जिंकले. वर्धा जिल्ह्यातल्याच नवरगावच्या आंतरलाव्हा थरांत ताड आणि फुलणाऱ्या झाडांची लाकडे भरपूर सापडतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील बोंडे यांनी २००० साली तिथल्या एका वेलीचे वर्णन केले. ती अळूच्या कुळातली, मोठाल्या झाडांवर चढणारी वेल होती. अशी वेल दमट सदाहरित जंगलाखेरीज जगत नाही. आज त्या भागात उन्हाळ्यात पानगळीचे जंगल खडखडत असते. लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. वाटेत त्याने दमट पट्टा ओलांडला, मग तो आशियाला भिडला, हिमालय उठला, मोसमी पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ महिने असे आपले आजचे वेळापत्रक ठरले. या सगळ्या फेरफारात सूचिपर्णींना मध्य भारतात जागा उरली नाही. त्यांचे आरोकेरिया घराणे गोंडवनाच्या दुसऱ्या तुकड्यांवर, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, न्यू कॅलेडोनियात टिकून राहिले. १९९४ साली सिडनीपासून फार दूर नसलेल्या एका दरीत याच घराण्यातले, जीवाश्मांवरूनच ठाऊक असलेल्या झाडांसारखे एक झाड जिवंत सापडले. वोलेमी पाइन त्याचे नाव. नाताळात कुंडीतले रोप विकत घेणारा वर्धेकर त्या घराण्यातल्या एकाला माहेरी आणत असतो. गिऱ्हाईकाला ते ठाऊक नसते आणि नर्सरीवाल्यालाही नसते.

पण टाकळीचा तिसरा शंकू या सरळ गोष्टीत बसत नाही. पिटिओस्ट्रोबस हे नाव पाइनसारख्या दिसणाऱ्या, पण आजच्या कुठल्याही वंशात नेमक्या न बसणाऱ्या जीवाश्म शंकूंना दिले जाते. पाइनचे कुळ उत्तर गोलार्धातले. मग दक्षिणेकडून तरंगत आलेल्या भारताच्या पोटात, आशियाशी टक्कर होण्याआधी, पाइनसारखा शंकू कसा? तो खरेच पाइन कुळातला होता, की वेगळ्याच घराण्याने तशी घडी घातली होती? या प्रश्नाचे उत्तर एका नमुन्यावर देता येत नाही. आणखी नमुने हवेत, ते त्याच थरातले हवेत, आणि कुठल्या थरातून निघाले याची खात्री हवी. टाकळी आज नागपूर शहराच्या पोटात गेली आहे. हिस्लॉपला मिळाला तसा मोकळा माळ तिथे आता नाही. गंमत म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे.

म्हणून उरलेल्या जागा महत्त्वाच्या. त्या नाहीशा होतात त्या काही कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. रस्त्याला गिट्टी लागते, घराला गिट्टी लागते, खदान चालते. नाल्याचे खोलीकरण होते. गारगोटीचा सुंदर दगड दिसला की कुणी उचलून दिवाणखान्यात ठेवतो, कुणी जत्रेत विकतो. विकणाऱ्यावर माझा रोष नाही; त्याचे पोट त्यावर आहे. पण घेणाऱ्याने एवढे समजून घ्यावे की ठिकाणाची नोंद नसलेला जीवाश्म म्हणजे सही-शिक्का नसलेला चेक. दिसायला उत्तम, वटणार कुठेच नाही.

एक आक्षेप मला गावात नेहमी ऐकू येतो. मेलेल्या झाडांसाठी जिवंत माणसांच्या विहिरी थांबवायच्या का? मुळीच नाही. विहीर खणली नसती तर तो थर दिसलाच नसता. पुरावनस्पतिशास्त्राचे निम्मे भांडवल विहिरींचा आणि खदानींचा मलबाच आहे. दुसरा आक्षेप कुणी उघडपणे घेत नाही, पण खरा तोच आहे. शेतात काही ‘जुने’ निघाले असे कळले तर सरकार जमीन घेईल, या धास्तीने शेतकरी ते पुन्हा पुरून टाकतो. कर्जदारांच्या ओसरीवर बसून मी आयुष्य काढले आहे. ही धास्ती भाषणांनी जात नाही. नोंद केल्याने मालकीला धक्का लागणार नाही, हे लेखी हवे आणि ते तलाठ्याच्या तोंडून ऐकायला मिळायला हवे. केंद्र सरकारने २०२२ साली भूवारसा स्थळांच्या जतनाच्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. असे कायदे मोठ्या, नामांकित जागांचा विचार करतात. मध्य प्रदेशात घुघुवा येथे १९८३ पासून जीवाश्म उद्यान आहे. आपल्या सिरोंचा तालुक्यात वडधमला वनखात्याने दगडी ओंडके राखले आहेत, आणि ते फार चांगले केले आहे. पण बांधावरच्या चार दगडांसाठी कुणी उद्यान काढणार नाही, काढूही नये.

त्यांच्यासाठी वही पुरे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतींनी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यात गावातली झाडे, पाखरे, पिकांचे वाण लिहितात. त्याच वहीला मागे चार पाने जोडावीत: कुठल्या गटात, किती फुटांवर, काळ्या दगडाच्या वर की खाली, काय सापडले, कुणी पाहिले. दगड शेतकऱ्याचा शेतकऱ्याकडेच राहू दे. जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाने वर्षातून एकदा ती पाने चाळावीत आणि मुलांना घेऊन जाऊन पाहावे. एवढ्याला अनुदान लागत नाही. विहिरीच्या कर्जाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायलाही लागत नाही, असे मी एका जुन्या सहकाऱ्याला म्हणालो. तो म्हणाला, “फॉर्म आता कॉम्प्युटरवर आहे, रकाना वाढवायला मुंबईला लिहावं लागतं.” तेव्हा तूर्त वहीच बरी.

ज्यांना मुलांबरोबर जाऊन पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. विहिरी उन्हाळ्यात खणल्या जातात आणि मलबा बांधावर पडून असतो. त्यावर धूळ बसलेली असल्याने तेव्हा काही ओळखू येत नाही. मृगाची एखादी सर येऊन गेली की जावे. मालकाला आधी विचारावे, हातोडा घरी ठेवावा, पट्टी आणि पेन्सिल न्यावी. दगड धुऊन निघालेले असतात आणि ओल्या दगडावर लाकडाच्या रेषा कोरड्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात.